बी२७ पॉझिटिव्ह, पण पाठ ठणठणीत

मागच्या भागात ऑटोइम्यून आजारांबद्दल बोललो, म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते ते. त्यावर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : घरात एकाला आहे, तर बाकीच्यांनी जनुकाची टेस्ट करावी का?

हे आमच्याच घरात घडलंय. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. यात कण्याच्या आणि कमरेच्या सांध्यांना सूज येते, काहींचे मणके हळूहळू एकमेकांना जोडले जातात. माझा एचएलए-बी२७ रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि धाकट्या भावानं कुणालाही न विचारता लॅब गाठली. तोही पॉझिटिव्ह! पुढची दोन वर्षं पाठीत चमक भरली की त्याची झोप उडायची. आज तो चाळिशी पार आहे, आणि त्याला काहीही झालेलं नाही.

१९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी या जनुकाचा आजाराशी संबंध दाखवला. युरोपीय वंशाच्या रुग्णांत साधारण ९० टक्के लोकांकडे बी२७ असतं. हे ऐकून माणूस हबकतोच. पण आकडा उलटा करून बघा. बी२७ असलेल्या शंभर जणांत आजार होतो तो जेमतेम पाच जणांना, किंवा त्याहून कमी. घरात रुग्ण असेल तर धोका बराच वाढतो, तरी बहुतेक जण सुटतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही कधीकधी एकालाच होतो.

कारण बी२७ एकटं काम करत नाही. पेशीतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर मांडून प्रतिकारशक्तीला दाखवणं हे त्याचं काम. ते तुकडे मापात कापतं ईआरएपी१ नावाचं एन्झाइम; शिंपीच म्हणा. २०११ मध्ये दिसलं, की या शिंप्याच्या जनुकातल्या फरकानं धोका बदलतो, पण बी२७ असलेल्यांतच.

आता तीव्रता. बी२७ असेल तर आजार कमी वयात सुरू होतो, डोळ्याला सूज येण्याची शक्यता जास्त. पण कणा किती आखडेल, हे तो रिपोर्ट सांगत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांचा कणा मात्र जास्त बिघडतो. (माझी सुटली ती हे ऐकूनच.)

तेव्हा त्रास नसेल तर टेस्ट नको, असं माझं मत. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी, जी झोपून वाढते आणि हिंडल्या-फिरल्यावर कमी होते, ती असेल तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. भावालाही मी एवढंच सांगून ठेवलंय.