हिमनदीवर दोर कशाला?

कुरुंद्याच्या काळ्या रानात एप्रिल-मे महिन्यांत हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. हिमनदीलाही भेगा पडतात, पण कारण वेगळे. माती वाळून आकसते, म्हणून फाटते. हिमनदीचा बर्फ आपल्याच भाराने उताराकडे सरकत असतो. खोलवरचा बर्फ दाबाखाली घट्ट पाकासारखा वाहतो; वरचा साधारण ३०-४० मीटरचा थर मात्र ठिसूळ. उतार बदलला की तो ताणला जातो आणि तडकतो. या भेगांवर हिम साचून पूल तयार होतो. वरून सपाट पांढरे मैदान, खाली पोकळी! म्हणून गिर्यारोहक एकाच दोराला अंतराने बांधून चालतात. एक कोसळला तर बाकीचे त्याला पेलतात. निघायचेही मध्यरात्रीनंतर, कारण तेव्हा पूल गोठून टणक असतो. उन्हे चढली की मऊ पडतो.

दोर भेगेपासून वाचवतो, उंचीपासून नाही. मनालीजवळचे फ्रेंडशिप शिखर ५,२८९ मीटर उंच. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, श्वासागणिक ऑक्सिजनही तेवढाच. शरीर आधी श्वास वाढवते, मग तांबड्या पेशी. त्याला दिवस, आठवडे लागतात. म्हणूनच ३,००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. शनिवार-रविवारच्या सुटीत हा हिशेब बसत नाही. कुरुंद्याजवळचा टोकाईचा गड सकाळी चढून दुपारी जेवायला घरी येता येते; हिमालयात तसे नाही. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण १५ मे २०१९ रोजी ८,५८६ मीटरच्या कांचनजुंगावर पोहोचले, त्याआधी कित्येक आठवडे ते उंचीवर मुरत होते.