बारीक रेघ पुसली, की ‘बारा’चा ‘वारा’

दुकानाचा फलक करायला टाकताना बहुतेकांची मागणी एकच असते: अक्षरे चांगली ठळक हवीत, लांबून दिसली पाहिजेत. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो, तिथे तर ही मागणी अगदी रास्त. पण ठळक अक्षर लांबून दिसले, म्हणजे वाचता येईलच असे नाही.

जाड भाग अतिजाड आणि बारीक भाग केसाएवढा, अशी अक्षरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या जाहिरातींत अवतरली. ‘फॅट फेस’ हे त्यांचे नाव. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘रोझा वन’ने हाच थाट देवनागरीतही आणला. मोठ्या मथळ्यात तो देखणा दिसतो.

अडचण डोळ्याची आहे. निरोगी डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. हातातल्या वर्तमानपत्रात हा तपशील ०.१ मिलिमीटरचा, तर १०० मीटरवरच्या फलकावर जवळजवळ ३ सेंटिमीटरचा! त्याहून बारीक रेघ एकदम नाहीशी होत नाही. ती फिकट होत पार्श्वभूमीत मिसळते. रोमन लिपीत एवढ्याने बहुधा निभावते. देवनागरीत मात्र ‘ब’ आणि ‘व’, ‘ष’ आणि ‘प’ यांच्यातला फरक एका तिरक्या रेघेचा. ठळक अक्षरात पोटातली जागा बुजू नये म्हणून नेमकी तीच रेघ बारीक केली जाते. मग लांबून ‘बारा’चा ‘वारा’ होतो.

छपाईचे खिळे पाडणाऱ्या जुन्या कारागिरांना ही जाण होती. १८६९ साली मुंबईत सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याचे श्रेय आपण जावजी दादाजींना देतो, ते योग्यच. पण ज्या टायपांनी त्याचा लौकिक झाला, त्यांचे ठसे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरूंचे नाव किती जणांना ठाऊक आहे? पोलादी कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा घ्यायचा आणि त्यात शिशाचा मिश्रधातू ओतायचा. प्रत्येक मापाचा ठसा वेगळा. त्यामुळे लहान टायपात बारीक रेघ मुद्दाम जरा जाड ठेवता येई. आज संगणकावर बहुधा एकच आराखडा हव्या त्या मापात ओढला जातो आणि बारीक रेघही त्याच प्रमाणात आक्रसते.

फलक करून घेणाऱ्यांनी एक चाचणी जरूर करावी. १०० मीटरवरचे फूटभर उंचीचे अक्षर हातातल्या कागदावरच्या सुमारे १ मिलिमीटर उंचीच्या अक्षराएवढे दिसते. मजकूर तेवढा लहान छापून घ्यावा आणि ज्याला तो आधी ठाऊक नाही, अशा माणसाला वाचायला द्यावा. तो अडखळला, तर टाइप बदलावा. रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या चालकाकडे त्या १०० मीटरांसाठी जेमतेम सहा सेकंद असतात, आणि त्यांतही त्याची नजर रस्त्यावर हवी.