माहूदच्या नाजाची चित्तरकथा

सोलापूर जिल्ह्याची संस्कृती म्हटली की पंढरीची वारी, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, चादरी आणि हुरडा एवढे लिहून लोक मोकळे होतात. महारवाड्यालाही स्वतःची बोली होती, चूल होती, सुखदुःखे होती, हे त्यात सहसा येत नाही. ज्यांनी ते कागदावर उतरवले त्या शांताबाई कृष्णाजी कांबळे यांची ओळख आमच्या माता-भगिनींना आणि विशेषतः शाळकरी मुलींना असायलाच हवी.

शांताबाईंचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सांगोला तालुक्यातील माहूद गावी झाला. माहेरचे नाव नाजा. मुलूख दुष्काळी. पाऊस नाही म्हणजे रानात काम नाही आणि काम नाही म्हणजे चूल थंड. गावकीची कामे मात्र चुकत नसत, आणि त्याबदल्यात दारोदार फिरून भाकरी मागून आणायची. (कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने बंद व्हायला १९५९ साल उजाडावे लागले!) अशा घरातून आये-अप्पांनी लेकीला शाळेत धाडले. तिथे तिला वर्गाबाहेर बसावे लागे. आत चाललेले ऐकू येईल तेवढे शिकायचे.

तीच नाजा १९४२ साली सोलापूर जिल्हा बोर्डाच्या शाळेत मास्तरीण झाली. पुढे पुण्याला ट्रेनिंग झाले, जत तालुक्यात शिक्षण खात्यात अधिकारीपद मिळाले आणि १९८१ साली त्या निवृत्त झाल्या.

आणि मग बाईंनी लेखणी उचलली. १९८३ साली ‘पूर्वा’ मासिकातून क्रमशः आलेली ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ १९८६ साली पुस्तकरूपाने निघाली. दलित स्त्रियांच्या पहिल्यावहिल्या आत्मकथनांत तिची गणना होते. पहिली कोण, हा वाद पंडितांनी घालावा. आम्हाला नवल वाटते ते नावाचे. उभा जन्म मुलांना शुद्धलेखन शिकवलेल्या बाईंना ‘माझ्या जन्माची’ लिहिता येत नव्हते काय? येत होते. पण ‘आये’ची ‘आई’ केली की माहूदची आये हरवते. म्हणून बाईंनी घरचीच भाषा ठेवली आणि पुस्तक अर्पण केले तेही आये-अप्पांनाच.

शिवाय बाईंनी घरातले काही झाकून ठेवले नाही. नवऱ्याने दुसरे लग्न केले, तेही सांगितले. गावाने केलेला अन्याय लिहिणे अवघड असतेच, पण घरातला लिहायला त्याहून मोठी छाती लागते. आपल्या किती बायका हे पोटात घेऊनच गेल्या!

१९९० साली या कथेवरून ‘नाजुका’ ही मालिका दूरदर्शनवर आली. दलित पँथरचे नेते आणि कवी अरुण कांबळे हे बाईंचे चिरंजीव. ते २००९ साली गेले. मुलाचे जाणे पाहून बाई त्यानंतरही तेरा वर्षे जगल्या. २५ जानेवारी २०२३ रोजी, शंभरी पाच आठवड्यांवर असताना, त्यांचे निधन झाले.

पुस्तकातील प्रसंग लहान लहान आहेत. रात्री जेवणे उरकल्यावर घरात मोठ्याने वाचावेत. आजी असेल तर तिला आधी बसवावे. मध्येच थांबवून ती आपले काही सांगू लागली, तर पुस्तक मिटून वही काढावी.