डोळा लागण्यापूर्वीचा क्षण

बँकेच्या नोकरीत मी दोन प्रकारचे रिकामे लोक पाहिले. एक, काम नसताना फायली इकडच्या तिकडे करत राहणारे. आणि दुसरे, स्वस्थ डोळे मिटून बसणारे, पण साहेबांची घंटी वाजली की पहिल्या ठोक्याला उभे राहणारे. संगणकाचा प्रोसेसर दुसऱ्या जातीचा करावा लागतो, आणि ते वाटतं तितकं सोपं नाही.

तुम्ही पडद्यावर एखादं पत्र वाचत असता, तेव्हा प्रोसेसरला करण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. सेकंदाला अब्जावधी आज्ञा पाळणारं हे यंत्र नुसतंच फिरत ठेवलं, तर अंग तापतं, वीज जाते आणि मोबाइलची बॅटरी दुपारीच मान टाकते. म्हणून त्याला झोपवायचं. इंटेलच्या १९७८ सालच्या ८०८६ चिपमध्येही त्यासाठी ‘हॉल्ट’ ही आज्ञा होती: थांब, आणि कोणी हाक मारेपर्यंत पुढची आज्ञा पाळू नकोस. हाक मारणारे म्हणजे कळफलक, डिस्क, नेटवर्क आणि घड्याळ. या हाकेला ‘इंटरप्ट’ म्हणतात.

झोपवण्या-उठवण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे. हा लष्करातला कर्नल नव्हे. बाठ्याच्या आतला गर, गाभा, तो. लिनक्सचाच घेऊ. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तो लिहायला घेतला. अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे.

झोपण्यापूर्वी कर्नल एक निशाणी पाहतो: कोणी कामासाठी थांबलंय का? नसेल, तर हॉल्ट. दोनच पावलं. पण त्या दोन पावलांच्या मध्येच हाक आली तर? अशी कल्पना करा की बँकेचा शिपाई बाकाकडे डोकावतो, कोणी नाही. तो आडवा व्हायला वळतो, तेवढ्यात पेन्शनवाल्या आजी घंटी वाजवतात. तो ‘बसा हं’ म्हणून त्यांना बाकावर बसवतो आणि जे करत होता ते पुढे करतो, म्हणजे झोपतो! हाक ऐकली गेली, नोंदलीही गेली; आजी मात्र बसूनच.

उपाय असा, की पाहण्याआधी दार लावून घ्यायचं. इंटरप्ट बंद. आलेली हाक हरवत नाही, बाहेर ताटकळते. मग निशाणी पाहायची, आणि कोणी नसेल तर दार उघडून झोपायचं. पण उघडणं आणि झोपणं यांच्यामध्येही फट राहतेच की! इथे ८०८६ च्या कर्त्यांनी करून ठेवलेली एक सोय कामी येते. दार उघडण्याची आज्ञा, ‘एसटीआय’, लगेच लागू होत नाही. तिच्या पुढची एक आज्ञा पार पडल्यावर होते. ती पुढची आज्ञा हॉल्ट असली, की दार उघडतं तेव्हा प्रोसेसर झोपलेला असतो, आणि ताटकळलेली हाक त्याला तत्क्षणी उठवते. लिनक्समध्ये या दोन आज्ञा जोडीनेच लिहिलेल्या आहेत. मध्ये तिसरी घुसवली, की आजी पुन्हा बाकावर.

पूर्वी ही फट फारशी बोचली नसती, कारण घड्याळ. पीसीवरच्या लिनक्समध्ये ते काम असो नसो, सेकंदाला १०० वेळा हाक मारायचं. २००३ अखेरच्या २.६ आवृत्तीत १००० वेळा. त्यामुळे आजींना फार तर सेकंदाचा शंभरावा भाग थांबावं लागलं असतं. पण रात्रपाळीच्या माणसाला सारखं हलवून ‘झोपलास ना?’ विचारण्यासारखंच हे. थॉमस ग्लाइक्सनर, इंगो मोल्नार आदींच्या कामातून २००७ च्या एप्रिलमध्ये २.६.२१ ही आवृत्ती आली, आणि रिकाम्या वेळचे हे ठोके थांबले. पुढचं ठरलेलं काम केव्हा आहे ते पाहायचं आणि तेवढ्याच वेळेचा गजर लावायचा. विजेची बचत झाली. पण निसटलेली हाक दहा मिलिसेकंदांत सावरून घेणारं घड्याळही गेलं. त्या दोन आज्ञांच्या जोडीवरचा भार वाढला तो असा.

शिवाय झोपेतही प्रती आहेत. डुलकीतून प्रोसेसर एखाद-दुसऱ्या मायक्रोसेकंदात उठतो. गाढ झोपेत कॅशमधला मजकूर आवरून भागाभागांची वीजच तोडलेली असते, आणि उठायला शंभरपट वेळ लागू शकतो. किती खोल झोपावं, हे कर्नल अंदाजाने ठरवतो: गजर किती दूर आहे, आणि यापूर्वी अशा वेळी हाका कितपत लवकर आल्या. अंदाज फसला तर झोपण्या-उठण्यातच वाचली त्याहून जास्त वीज खर्च होते. कर्जाच्या अर्जांवर आम्हीही असंच, मागची खाती पाहून ठरवत असू. फरक एवढाच, की तिथे अंदाजाचं फळ कळायला पाच वर्षं लागत.

बहुतेक मोबाइलमध्ये असलेल्या एआरएम जातीच्या चिपला ही दाराची कसरत निम्मीच करावी लागते. तिथली ‘हाकेची वाट पाहा’ ही आज्ञा दार लावलेलं असतानाही बाहेरचा कानोसा घेते. हाक आली की प्रोसेसर आतल्या आत जागा होतो, आधी आपली आवराआवर करतो, आणि मग दार उघडून कोण आलंय ते बघतो.