घरगुती धनुष्याचा टंकार

आपल्या महाकाव्यांनी धनुष्याच्या टंकाराला पराक्रमाच्या घोषणेचा मान दिला आहे, आणि गांडीवाच्या नुसत्या ध्वनीने शत्रुसैन्य विचलित झाल्याची वर्णने ऐकत वाढलेल्या मराठी मनाला धनुष्य वाजावे यात काही वैगुण्य असेल अशी शंकासुद्धा येत नाही. परंतु ज्याने स्वतःच्या हातांनी लाकडाचे थर तासून, साच्यावर चिकटवून आणि काचकागदाने घासून एखादे रिकर्व्ह धनुष्य सिद्ध केले आहे, तो कारागीर पहिला बाण सुटताच कानावर आलेल्या आवाजाने आणि डाव्या हाताला बसलेल्या हिसक्याने चिंतातुर होतो. कारण जी शक्ती बाणाबरोबर निघून जायला हवी होती, तिचा काही अंश आपल्याच हातातील लाकडात अडकून पडला आहे, हे त्याला त्या एका क्षणात कळून चुकते.

रिकर्व्ह धनुष्याची रचना मुळातच ध्वनीला अनुकूल आहे. मधली भक्कम मूठ आणि तिच्या वर-खाली दोन लवचीक बाहू हे तर साध्या धनुष्यातही असतात. येथे विशेष हा, की बाहूंची टोके नेमबाजापासून दूर, लक्ष्याच्या दिशेला वळवलेली असतात, आणि प्रत्यंचा चढवली असता ती टोकांजवळचे काही इंच बाहूला चिकटून बसते. ओढ वाढू लागली की ती तेथून हळूहळू उचलली जाते आणि तिची उपयोगी लांबी वाढते, म्हणूनच अखेरच्या टप्प्यात ओढ एकाएकी जड होत नाही आणि आखूड धनुष्यातही भरपूर शक्ती साठते. मात्र बाण सुटल्यावर हीच प्रत्यंचा त्या वक्र भागावर सपाट्याने परत आदळते. ती जो फटकारा देते, तो गुळगुळीत काचतंतूचा थर दिलेल्या बाहूवर अधिकच कर्कश उमटतो.

या व्यवहाराचा शास्त्रशुद्ध हिशेब प्रथम मांडला तो अमेरिकेतील काही पदार्थवैज्ञानिकांनी, आणि त्यांत क्लॅरन्स हिकमन व पॉल क्लॉप्स्टेग ही नावे अग्रगण्य आहेत. धनुर्विद्येच्या यांत्रिक बाजूवरील या मंडळींचे लेख १९४७ साली ग्रंथरूपाने एकत्र आले. क्लॉप्स्टेग यांनी सुचवलेली कल्पना मोठी सुटसुटीत आहे: बाहू आणि प्रत्यंचा यांना हलवण्यात जी शक्ती खर्ची पडते, ती बाणाच्याच वेगाने धावणाऱ्या एका काल्पनिक वजनाच्या नावे मांडावी, हे वजन एका धनुष्यापुरते जवळजवळ कायम राहते, बाण कोणताही असो. समजा, ते ६ ग्रॅम आहे. मग १८ ग्रॅमचा बाण एकूण शक्तीच्या ७५ टक्के घेऊन जाईल आणि २५ टक्के मागे शिल्लक राहील. तोच बाण ३० ग्रॅमचा केला, तर मागची शिल्लक १७ टक्क्यांच्या आत येईल. कंप आणि आवाज यांना पोसणारे भांडवल म्हणजे ही शिल्लक होय.

यावरून पहिला इलाज आपोआपच ठरतो, आणि तो धनुष्यावर करावयाचा नसून बाणावर करावयाचा आहे. धनुष्याच्या ओढीच्या दर पौंडामागे बाणाचे वजन ८ ते १० ग्रेन असावे, हा पारंपरिक धनुर्धरांचा अनुभवसिद्ध दंडक; ४० पौंडी धनुष्याला त्या मानाने सुमारे २१ ते २६ ग्रॅमचा बाण लागतो. वेगाच्या लोभाने फार हलका बाण लावणे म्हणजे धनुष्याला जवळजवळ रिकामे सोडण्यासारखे आहे, आणि बाणाशिवाय प्रत्यंचा सोडणे हा तर या विद्येतील अक्षम्य अपराध. सारीच्या सारी शक्ती उलटून बाहूंत शिरते आणि चांगले धनुष्य क्षणार्धात चिरफाळते.

दुसरा इलाज कारागिराच्या कानशीत आहे. बाण सुटताना बाहूचा सर्वांत वेगाने धावणारा भाग म्हणजे त्याचे टोक, आणि गतीची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे मुठीजवळचे बरेचसे लाकूड काढून जे साधत नाही, ते टोकावरचा एक ग्रॅम उतरवून साधते. घरी घडवलेल्या धनुष्यांची टोके बहुधा भीतीपोटी रुंद आणि जाड ठेवलेली असतात. खाचेला आवश्यक तेवढा आधार ठेवून, बाहू पिळणार नाही याची खात्री करत, दोन्ही कडा सारख्या तासून टोके निमुळती केली, की हाताला बसणारा हिसका सौम्य होतो.

त्याच्या जोडीने दोन्ही बाहूंचा समतोल पाहावा. एक बाहू ताठ आणि दुसरा मऊ असेल, तर दोघे आपापल्या वेळेला थांबतात आणि त्या तफावतीचा धक्का मुठीला सोसावा लागतो. प्रत्यंचा चढवून प्रत्येक बाहूच्या मुळापासून तिच्यापर्यंतचे अंतर मोजावे. बाणाच्या वर एक आणि खाली दोन बोटे ठेवून ओढणाऱ्यासाठी वरचे अंतर खालच्यापेक्षा ३ ते ६ मिलिमीटर अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. यालाच धनुर्धर टिलर म्हणतात.

एवढे झाल्यावर प्रत्यंचेकडे वळावे. मुठीच्या खोलगट भागापासून प्रत्यंचेपर्यंतचे अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, रिकर्व्ह धनुष्यात साधारणतः ७ ते ९ इंच असते, आणि प्रत्यंचेला पीळ देऊन किंवा उलगडून ते कमीजास्त करता येते. प्रत्यंचा उतरवावी, चार-सहा पीळ द्यावेत, पुन्हा चढवून अंतर मोजावे, दोन-तीन बाण सोडावेत आणि शांतपणे ऐकावे. असे करता करता एक स्थान असे सापडते, की जेथे फटकारा मावळून केवळ खालच्या पट्टीतला ‘धुप्’ असा ध्वनी उरतो. प्रत्यंचा जेथे आदळते तो भागही तपासावा. तिला खडूची पूड चोळून एक बाण सोडला, तर वक्र भागावर पांढरी रेघ उमटते. ती मधोमध नसेल, तर टोक पिळलेले आहे किंवा खाच तिरकी कापली गेली आहे असे समजावे आणि आधी तो दोष काढावा. रेघ जागेवर असेल, तर तेवढ्याच पट्टीवर पातळ फेल्ट किंवा मऊ चामडे चिकटवावे.

प्रत्यंचेवर लोकरीचे गोंडे, फरच्या पट्ट्या किंवा रबराचे झुपके बांधतात, त्यांचा क्रम सर्वांत शेवटचा. त्यांनी कंप लवकर शमतो यात शंका नाही. एक गोंडा वरच्या टोकापासून एकचतुर्थांश आणि दुसरा खालच्या टोकापासून एकतृतीयांश अंतरावर बांधण्याची रीत आहे, कारण असमान अंतरांमुळे कोणतीही एक कंपनरीत दोन्ही गोंड्यांतून निसटून जात नाही. परंतु त्यांचेही वजन प्रत्यंचेवर पडते आणि बाणाचा थोडा वेग त्याच्या मोबदल्यात द्यावा लागतो. मुठीचेही तसेच आहे. अर्ल हॉइट यांनी १९६१ साली बाजारात आणलेले, पुढे वजन लावलेले दांडे स्पर्धेच्या धनुष्याला स्थैर्य देतात. परंतु टोके जड आणि टिलर बिघडलेले असताना असला दांडा लावणे म्हणजे मूळ कसुरीवर पांघरूण घालणे होय.

सर्वच आवाज दडपून टाकण्याजोगे नसतात, हेही येथे बजावून सांगितले पाहिजे. रोजच्या ध्वनीत एखादे दिवशी कोरडी ‘टिक्’ मिसळली, तर ताबडतोब धनुष्य खाली ठेवावे, प्रत्यंचा उतरवावी आणि थरांच्या सांध्यांवरून नख फिरवत बारीक चीर शोधावी. सुटू लागलेला थर पुढच्या ओढीला डोळ्यांदेखत उडू शकतो.

फलटण तालुक्यातील सरडे गावच्या प्रवीण जाधवांनी रिकर्व्ह धनुष्य घेऊन टोकियो ऑलिंपिकपर्यंत मजल मारल्यापासून महाराष्ट्रात या विद्येविषयीचे कुतूहल वाढले आहे, आणि इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारात तर आजही बांबूचे धनुष्य वापरले जाते. हलके टोक, समतोल बाहू आणि पुरेसा वजनदार बाण हे नियम त्या बांबूलाही तितकेच लागू आहेत. तेव्हा जे तरुण घरी धनुष्य घडवू पाहतात, त्यांना एवढीच विनंती, की आवाज झाकण्याची घाई न करता आधी त्याचे कारण शोधावे: प्रथम बाण, मग टोके, मग टिलर, मग ब्रेस हाइट, आणि गोंडे अगदी अखेरीस. या क्रमाने जाणाऱ्याला गोंड्यांची गरज बहुधा थोडीच उरते.