जुन्या गाडीचं पिकअप गेलं? इंजिन उघडण्याआधी ही टेस्ट करून घ्या

चढावर गाडी दम टाकते, सिग्नलला उभी असताना थरथरते. गॅरेजमध्ये नेली की उत्तर ठरलेलं, 'इंजिनचं काम काढावं लागेल.' खर्च मोठा, त्यामुळे अनेक जण गाडी विकूनच टाकतात. पण दोष खरंच कॉम्प्रेशनचा आहे का आणि असलाच तर नेमका कुठे, हे इंजिन न उघडताही बऱ्यापैकी कळतं.

कॉम्प्रेशन म्हणजे काय?

सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. हा दाब नीट तयार झाला तरच स्फोटात ताकद येते. दाब गळण्याच्या मुख्य जागा तीन: पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा, नीट न बसणारे व्हॉल्व्ह आणि फुटलेलं हेड गॅस्केट.

मारुती ८०० सारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर जरी कमजोर झाला, तरी लगेच जाणवतं. मात्र खराब प्लग किंवा वायरमुळेही गाडी अशीच थरथरते. म्हणून आधी ते तपासावं.

टेस्ट कशी होते?

इंजिन गरम हवं, बॅटरी चांगली चार्ज असावी. इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बंद करून सगळे प्लग काढतात. एका प्लगच्या जागी गेज लावून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, काही सेकंद सेल्फ मारतात. प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून ठेवतात.

एकेका आकड्याइतकाच त्यांच्यातला फरकही महत्त्वाचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या निदान ७५ टक्के असावा, असा ढोबळ नियम आहे. समजा, आकडे १६५, १६० आणि ९५ पीएसआय आले. १६५ चे ७५ टक्के साधारण १२४ होतात. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये दोष आहे.

दोष रिंगांचा की व्हॉल्व्हचा?

त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा टेस्ट करतात. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती बुजवतं.

* ९५ चा आकडा १४० वर गेला, तर रिंगा किंवा बोअर झिजल्याची शक्यता.
* आकडा जवळपास तिथेच राहिला, तर संशय व्हॉल्व्हवर किंवा गॅस्केटवर.
* शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी आले, तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट गेलेलं असतं.
* सगळेच आकडे सारखे कमी असतील, तर सगळं इंजिन झिजलेलं असू शकतं किंवा टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलेला असू शकतो.

खर्च कुठे वाचतो?

दोष व्हॉल्व्हचा वाटला, तर आधी टॅपेट सेटिंग तपासून घ्यावं. टॅपेटमधली फट फार कमी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि दाब गळतो. सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्हची बैठक झिजून असं होऊ शकतं. वेळीच लक्षात आलं तर नुसत्या सेटिंगवर भागतं. दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह जळतो आणि मग हेड उतरवावंच लागतं.

त्यामुळे इंजिन उघडायला होकार देण्याआधी मेकॅनिककडे दोन गोष्टी मागा: प्रत्येक सिलिंडरचा आकडा आणि ऑइल टाकल्यानंतरचा आकडा.