इंटरनेट नाही, तरी कॅमेरा दिसतो

इंटरनेट बंद पडलं की कॅमेराही आंधळा झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. राउटरला वीज आहे तोवर घरातलं वायफाय जिवंत असतं; कॅमेरा आणि फोन त्याच राउटरला जोडलेले असले की चित्र घरातल्या घरात पोचू शकतं.

कॅमेरा घेतानाच 'ऑनव्हिफ' किंवा 'आरटीएसपी' (घरातल्या नेटवर्कवरून थेट चित्र बघण्याच्या पद्धती) चालतं का, हे विचारून घ्या. चालत असेल तर राउटरच्या यादीत कॅमेऱ्याचा आयपी पत्ता शोधा, समजा १९२.१६८.१.२०. व्हीएलसी या व्हिडिओ ॲपमध्ये 'ओपन नेटवर्क स्ट्रीम' उघडून आरटीएसपीचा पत्ता टाका. पोर्ट बहुतेकदा ५५४ असतो. पत्त्याचा पुढचा भाग कंपनीगणिक बदलतो, तो माहितीपुस्तिकेत बघावा. हा आयपी राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलू शकतो.

डीव्हीआर (रेकॉर्डर) असेल तर एचडीएमआय केबल थेट टीव्हीला लावली की झालं.

काही कॅमेरे मात्र कंपनीच्या सर्व्हरमार्फतच चित्र दाखवतात. ते घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कॅमेऱ्याचं घड्याळ अधूनमधून तपासा: इंटरनेटविना ते मागेपुढे होतं, आणि चोरी झालीच तर पोलिसांना फुटेज दाखवताना वेळेचा घोळ होतो.